मैलकुलीच्या पोरीची उजळणी

सरांनी माझा कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. मेलेला उंदीर शेपटीनं धरून बाहेर टाकायला न्यावा, तसा. अमरावतीला राजापेठेत दुसऱ्या मजल्यावरचा क्लास. स्पर्धा परीक्षेची बॅच. भूगोलाचा तास. समोर ऐंशी-नव्वद पोरंपोरी.

कागद म्हणजे खताच्या दुकानदारानं वाटलेल्या कॅलेंडरचं पान. त्याची मागची बाजू कोरी असते आणि मोठी असते, म्हणून मी ती पानं जपून ठेवायचे. त्यावर मी मनानं महाराष्ट्राचा नकाशा काढला होता. नद्या निळ्या पेनानं, चुकलेल्या जागा लाल पेनानं. लाल बराच होता.

"हे काय आहे?"

"उजळणी, सर."

"उजळणी?" त्यांनी पान उलटं करून वर्गाला दाखवलं. पुढच्या बाजूला फेब्रुवारीच्या तारखा आणि बोंडअळीच्या औषधाची बाटली. पहिल्या बाकावरची पोरं आधी हसली. मग मागची हसली. मागच्यांना काही दिसलंही नसेल.

"वडील काय करतात?"

"मैलकुली आहेत, सर."

"म्हणजे रस्त्यावर असतात." ते थोडं थांबले, हशा येऊ दिला. "म्हणून मुलीला रेघोट्या ओढायची सवय आहे."

एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित विसरले असते. थांबले नाहीत. कागद माझ्या बाकावर टाकत म्हणाले, "हे बघ, तुला एवढे कष्ट कशाला लागतात? तुमचा कटऑफ वेगळा. माझ्या नोट्स दोनदा वाचल्यास तरी तू निघशील. काळजी ह्या मुलांची आहे." आणि पहिल्या बाकाकडं हात केला. पहिल्या बाकावरच्यांनी लगेच काळजीचे चेहरे केले.

आणि मी हसले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. दात काढून हसले. पान घडी करून बॅगेत घातलं आणि सरांकडं असं बघितलं, जसं काही त्यांनी माझ्या भल्याचंच सांगितलं होतं.

मैलकुली म्हणजे काय ते सांगते, कारण त्या वर्गातल्या अर्ध्यांना ते माहीत नव्हतं, हसले मात्र सगळे. मैलकुली म्हणजे सरकारी रस्त्याचा मजूर. रस्त्याचा एक तुकडा त्याच्या ताब्यात असतो. अंजनगाव सुर्जीहून अकोटकडं जाणाऱ्या रस्त्याचा आठ किलोमीटरचा तुकडा माझ्या बाबांकडं होता, अजून आहे. खड्डे भरायचे, कडेचं गवत कापायचं, मोऱ्यांतला गाळ काढायचा, किलोमीटरचे दगड रंगवायचे. बाबा सातवी शिकलेले. आजोबांनी दीक्षाभूमीवर जाऊन धम्म घेतला, बाबांनी नोकरी धरली, आणि मी पदवी घेऊन राजापेठेत आले. तीन पिढ्या लागल्या त्या बाकापर्यंत यायला. सरांना मात्र दोन वाक्यं पुरली.

आता सरांविषयी. सर मूळचे आमच्याच दर्यापूरकडचे. पुण्याला काही वर्षं राहून आले होते. तिथं त्यांची परीक्षा निघाली नाही, म्हणून ते इथं येऊन परीक्षा कशी काढायची ते शिकवत होते. पुण्याहून येताना दोन गोष्टी घेऊन आले. एक म्हणजे पुण्याची भाषा. 'मले', 'तुले' असं कोणी बोललं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, जणू त्यांच्या स्वतःच्या माईनं त्यांना संस्कृतात अंगाई म्हटली होती. दुसरी गोष्ट म्हणजे सप्तरंग उजळणी.

सप्तरंग उजळणी हे त्यांचं अपत्य. सात दिवस, सात रंग, संपूर्ण भूगोल. असं जिन्यातच लिहिलं होतं. उजव्या तीरावरच्या नद्या हिरव्या, डाव्या तीरावरच्या गुलाबी, मृदा तपकिरी, खनिजं जांभळी. गुळगुळीत कागदावर छापलेल्या नोट्स. आपण फक्त त्यावरून पुन्हा एकदा तोच रंग फिरवायचा आणि वाचायचं. पुन्हा फिरवायचा, पुन्हा वाचायचं. आणि पाठांतराला मंत्र. पूर्णा नदीला दक्षिणेकडून मिळणाऱ्या उपनद्या लक्षात ठेवायला 'पेउकामो'. पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा. वर्ग एका सुरात म्हणायचा, पेउकामो, पेउकामो. खालच्या चहावाल्याला वाटायचं, वर कुणाचं तरी बारसं आहे.

आणि मी त्या चिमटीतल्या अपमानानंतर काय केलं? सात रंगांची पेनं विकत आणली. कॅलेंडरची पानं खोलीतल्या कपाटाच्या वर टाकली आणि सरांचे रंग फिरवायला लागले. वाटलं, सर एवढं म्हणतात तर त्यांचंच बरोबर असेल. आपल्याला कोण शिकवणार होतं उजळणी? पान रंगलं की बरं वाटायचं. सगळं ओळखीचं वाटायचं. ओळखीचं वाटणं आणि येणं यात फरक असतो, तो मला तेव्हा कळत नव्हता. सरांना तो कधी कळलाच नाही.

माझ्या खोलीत माझ्यासोबत अकोल्याची शबाना राहायची. तीही हीच परीक्षा देत होती, पण क्लासला जात नव्हती, वाचनालयात बसायची. माझी रंगपंचमी बघून म्हणाली, "अगं, पुस्तक वाचून राहिली की साडी रंगवून राहिली?"

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्याच महिन्यात बाबा आले. अमरावतीच्या कार्यालयात त्यांचं काही काम होतं. ते आटोपून माझ्यासाठी भाकरी, ठेचा आणि भाजलेल्या शेंगा घेऊन क्लासच्या खाली येऊन उभे राहिले. अंगावर कामावरचं नारिंगी जाकीट, त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या. मी वरून खिडकीतून बघितलं. पहिल्या बाकावरच्या दोघांनीही बघितलं. मी जिना धावत उतरले आणि बाबांचा हात धरून त्यांना इमारतीच्या मागच्या गल्लीत घेऊन गेले.

"बाबा, इकडं येताना हे काढून याचं नं."

"काहून? मळलं हाय का?"

मी मोठ्या रस्त्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी जाकीट काढलं. नीट घडी केली, चमकणाऱ्या पट्ट्या आत जातील अशी, आणि काखेत धरलं. डबा माझ्या हातात दिला.

"जातो मी. तुही शाळा हाय."

ते गल्लीतूनच निघून गेले. मोठ्या रस्त्यावर आले नाहीत. मी वर जाऊन बसले आणि पेउकामो म्हटलं. सरांनी मला एकदाच हसवलं होतं. पण माझ्या बापाच्या अंगावरचं जाकीट मी काढायला लावलं होतं, आणि ते काम सरांनी माझ्याकडून करून घेतलं होतं. अपमान करणाऱ्याला रोज यावं लागत नाही. एकदा येऊन तो आपल्यालाच कामाला लावून जातो.

पंधरा दिवसांनी क्लासची सराव परीक्षा झाली. भूगोलात मला शंभरात छत्तीस. पण छत्तीसचं दुःख नाही. एक प्रश्न होता. शहानूर नदी पूर्णेकडं कोणत्या बाजूनं येते? मी दक्षिण लिहिलं.

शहानूर आमची नदी आहे. अंजनगावची. तिच्या पात्रात मी मायसोबत गोधड्या धुतल्या आहेत. उन्हाळ्यात तिच्यातून पायी गेले आहे. ती मेळघाटाच्या डोंगरातून, म्हणजे उत्तरेकडून येते, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. पूर आला की आम्ही डोंगराकडं बघतो. आणि मी दक्षिण लिहिलं. का, तर सरांच्या पानावर शहानूर हिरवी की गुलाबी ते मला आठवेना. मी रंग आठवत बसले होते. नदी आठवलीच नाही. परीक्षेच्या पेपरला रंग नसतात, काळी शाई असते.

सर पेपर वाटताना म्हणाले, "छत्तीस. हरकत नाही. तुझ्यासाठी हेही चालेल."

त्या वेळी मी हसले नाही. रडलेही नाही. शनिवारी एसटीत बसले आणि गावी गेले.

त्या संध्याकाळी अंगणात बाबा खाटेवर बसलेले. त्यांचा मिस्त्री, म्हणजे त्यांच्यावरचा माणूस, मोटारसायकलवर आला आणि डायरी उघडून बसला. हे मी लहानपणापासून बघत आले होते, म्हणून कधी बघितलंच नव्हतं. बाबांनी डोळे मिटले आणि रस्ता सांगायला लागले.

"एकविसाव्या दगडापासून धरा. डाव्या अंगाले मोरी, मोरीत गाळ हाय. पुढं पानमळ्याचं वळण. तिथं सडक बसली, खालून काळी माती हाय, पावसात फुगते अन् उन्हात फाटते. मंग बाभूळ. बाभळीच्या पुढं..." ते थांबले. "बाभळीच्या पुढचं दिसून नाई राहिलं."

"मंग?" मिस्त्रीनं विचारलं.

"मंग काय. उद्या तिथूनच सुरू करतो."

मिस्त्री गेल्यावर मी बाबांना विचारलं, "उद्या सगळा तुकडा पुन्हा नाई पाहत तुमी?"

"जे डोळे मिटून दिसते, त्याले काय पाहाचं? जे नाई दिसत थे पाहाचं. नाईतर माणूस चांगल्याच सडकेवर झाडू मारत राह्यते."

मी तिथंच खाटेच्या पायाला टेकून बसले. महिनाभर मी चांगल्याच सडकेवर झाडू मारला होता. सात रंगांचा झाडू. आणि ज्या कॅलेंडरच्या पानावर वर्ग हसला होता, त्यावर मी हेच करत होते. डोळे मिटून काढायचं, जे दिसलं नाही ते लाल करायचं. ते मी कुठल्या पुस्तकातून शिकले नव्हते. या अंगणात, या माणसाच्या तोंडून, रोज संध्याकाळी ऐकत आले होते. सातवी शिकलेला मैलकुली जे वीस वर्षं करत होता, ते पुण्याहून आलेल्या त्या पोपटाला ठाऊक नव्हतं. आणि मी त्या पोपटाला भिऊन बापाला गल्लीतून घालवला होता.

"बाबा, त्या दिशी..." मी सुरुवात केली.

"झालं थे," बाबा म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही मग विचारलं नाही, अजून विचारलेलं नाही.

परत आले आणि सरांच्या नोट्स रद्दीत दिल्या. क्लासला जाणं बंद केलं नाही. पैसे भरलेले होते, बसायला जागा होती, पंखा होता. मागच्या बाकावर बसून मी माझं करायचे. शबानाला म्हटलं, "चल, आता आपण सडक पाहू." तिला सगळं सांगितलं. जाकिटाचंही सांगितलं. ती म्हणाली, "तू लई बेशरम हाय. चल, बैठ."

आम्ही काय केलं ते सांगते. यात गुपित काही नाही आणि याचे पैसे घेणाऱ्याच्या तोंडावर थुंकावं असं हे साधं आहे. धडा एकदा नीट वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. कोरं पान घ्यायचं. आठवेल तेवढं काढायचं, डोंगर, नद्या, पाऊस, माती, पिकं. अडलं तरी लगेच उघडायचं नाही, थोडं झगडायचं. डोकं दुखलं पाहिजे. मग उघडायचं आणि जे सुटलं ते लाल करायचं. दुसऱ्या दिवशी फक्त लाल. जे आलं त्याला चार दिवस हात लावायचा नाही, थोडं विसरू द्यायचं. विसरायला लागलं की पुन्हा ओढून काढायचं. असं ओढून काढलेलं मग जात नाही. आठ दिवसांनी पुन्हा, महिन्यानं पुन्हा.

शबानानं बिस्किटाचा रिकामा डबा घेतला आणि चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीत पश्चिम घाट, दुसरीत कोळसा, तिसरीत मोसमी वारे, चौथीत लोकसंख्या. सर तासाला एक आठवडा नद्या, एक आठवडा मृदा, असं पंगतीसारखं वाढायचे. परीक्षा पंगत नसते, ती कधी काय विचारेल त्याचा नेम नाही. डब्यातून हात घालून जे येईल ते राजापेठेच्या गल्लीतून चालता चालता एकमेकींना सांगायचं. गाड्या अंगावर यायच्या. हॉर्न वाजायचे. तरी सांगायचं.

आणि प्रत्येक गोष्टीला 'काहून' विचारायचं. खारपाणपट्टा सरांच्या नोट्समध्ये दीड ओळीचा होता, जांभळा. माझी आत्या दर्यापूरकडं त्याच पट्ट्यात दिली आहे, तिच्या घरचा चहासुद्धा खारट लागतो. काहून? जमिनीखाली मीठ काहून? विहीर असून ओलीत काहून नाही? मग तिथं कोणतं पीक, मग तिथल्या पोरी पाण्यासाठी किती चालतात, मग तिथं लग्नाला मुली काहून देत नाहीत? दीड ओळीची चार पानं झाली. ती मला पाठ करावी लागली नाहीत.

एका सुट्टीत मी शबानासोबत अकोल्याला तिच्या घरी गेले. तिची अम्मी साड्यांना फॉल लावायचं काम करते. शबाना तिला सह्याद्रीचा पाऊस समजावून सांगायला लागली. अम्मी फॉल लावता लावता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "पर डोंगर के इस तरफ क्यों नहीं गिरता? बादल तो ऊपर से आ सकता न?"

दोघी पुस्तक शोधायला उठलो. ज्याला काहीच माहीत नाही त्याला सांगून बघावं, आपल्याला किती माहीत नाही ते लगेच कळतं. त्या बाईनं त्या दुपारी आम्हाला जेवढं शिकवलं तेवढं राजापेठेत वर्षभरात शिकवलं गेलं नाही.

शेवटचे दोन महिने जुने पेपर. घड्याळ लावून. चुकलेला प्रश्न का चुकला ते त्याच्या बाजूला लिहायचं. माहीत नव्हतं, की घाई केली, की दोन पर्यायांत गोंधळ झाला. बाबांचा मिस्त्री डायरीत लिहायचा तसं.

निकाल लागला. माझी निवड झाली. खुल्या जागेवर. म्हणजे ज्या यादीत सगळे एका रांगेत उभे असतात आणि कुणाला कुठली सवलत नसते, त्या यादीत. शबाना त्या वर्षी थोडक्यात राहिली, पुढच्या वर्षी तिचंही झालं. सरांच्या पहिल्या बाकापैकी एकाचंही नाव त्या यादीत नव्हतं. त्यांची काळजी खरी ठरली एवढंच.

मी कागदपत्रांच्या कामासाठी अकोल्याला होते, तेव्हा शबानाचा मेसेज आला. "तुझा थोबडा राजापेठेत लागला. देख." खाली फोटो. क्लासच्या जिन्याच्या दारावर आडवा मोठा फ्लेक्स. मधोमध सर, हात छातीवर बांधून. आजूबाजूला सात-आठ चेहरे. खालच्या कोपऱ्यात मी, क्लासच्या फॉर्मवर चिकटवलेला तोच जुना फोटो. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मागासवर्गातून प्रथम'. त्याखाली, 'सप्तरंग उजळणीचा चमत्कार'.

मी सरांना फोन केला.

"सर, माझी निवड खुल्या जागेवर झाली आहे."

"अगं, अभिनंदन! कळलं ना. रविवारी सत्कार आहे, तू ये. माझ्या पद्धतीविषयी चार शब्द बोल. मी लिहून ठेवलेत."

"फ्लेक्सवर मागासवर्ग लिहिलंय."

"मग तू आहेसच ना? त्यात लाजायचं काय? तुमच्याकडच्या पालकांना त्यानं उत्साह येतो. ते बघतात, त्यांना वाटतं, आपली पण मुलगी निघेल."

"सर, तुमची पद्धत मी वापरली नाही. फोटो काढा."

"आता छापून झालंय. पुढच्या महिन्यात बदलू." आणि फोन ठेवला.

मला मागासवर्गाची लाज नव्हती, नाही. आजोबांनी दीक्षाभूमीपर्यंत सहा दिवस चालत जाऊन जे कमावलं त्याची लाज मी कशी बाळगेन? पण सर जे लिहीत होते ते त्यासाठी नव्हतं. मी सगळ्यांच्या पुढं गेले, हे त्यांना लिहायचं नव्हतं. मी पुढं गेले असं लिहिलं तर मग पहिला बाक कुणाच्या मागं राहिला, तेही लिहावं लागलं असतं. म्हणून मला वेगळ्या ताटात वाढलं होतं. आणि वर माझं डोकं स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

रविवारी मी सत्काराला गेले. पण वर गेले नाही. शबाना तिची स्कूटी घेऊन आली होती. ती तिनं फ्लेक्सखाली स्टँडवर लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी सीटवर चढले. भर अकराची वेळ. बॅच सुटत होती, रस्ता भरलेला. पिशवीतून ब्लेड काढलं. फ्लेक्स चिवट असतो, एका झटक्यात फाटत नाही, कापावा लागतो. मी माझ्या चेहऱ्याभोवती चौकोन कापला. खालच्या दोन्ही ओळींसकट. पोरं मोबाइल काढून उभी राहिली. कुणीतरी वर जाऊन सांगितलं. सर गळ्यातल्या हारासकट जिना उतरून धावत आले.

"अवं, काहून फाडून राहिली वो! याले पैशे लागते!"

पुणं एका क्षणात उतरलं. वर्षभर आमच्या 'मले-तुले'ला नाक मुरडणारा माणूस राजापेठेच्या चौकात आपल्या माईच्या भाषेत ओरडत होता. मला त्या भाषेचा राग नाही आला. पहिल्यांदाच तो माणूस खरं बोलत होता.

मी खाली उतरले. कापलेला तुकडा गुंडाळून काखेत धरला.

"उपकार विसरलीस," सर म्हणाले. भाषा पुन्हा चढवली होती. "पोलिसांत देईन."

"द्या. चेहरा माझा आहे."

"माझ्या क्लासमध्ये बसून शिकलीस तू."

"तुमच्या क्लासमध्ये बसून छत्तीस पडले होते, सर. फ्लेक्सवर तेवढं लिहा, मी स्वतः येऊन लावून देते."

मोबाइल धरलेली पोरं हसली. त्यात पहिल्या बाकावरचेही होते. हसणाऱ्यांचं तसंच असतं. कुणावर हसायचं ते त्यांना वारा सांगतो. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. तेव्हा ते माझ्यावर हसले होते, आज माझ्या बाजूनं हसले. दोन्हीची किंमत मला सारखीच वाटली.

घरी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी तुकडा उलगडून बघितला, कडेवरून बोट फिरवलं.

"बराबर कापलं. बाजूच्या पोरांच्या तोंडाले नाई लागलं न?"

"नाई."

"मंग ठीक हाय."

आता मी अकोल्याला सरकारी कचेरीत अधिकारी आहे. दर रविवारी गावी जाते आणि आमच्या वस्तीच्या विहारात भूगोल शिकवते. पंचवीसेक जण येतात. बौद्धांची पोरं, शबानाच्या नात्यातल्या दोन मुली, माळी-कुणब्यांचीही. रंगाची पेनं आणू देत नाही. नोट्स वाटत नाही. पुस्तक मिटा आणि सांगा, एवढंच. जो अडतो त्याच्यावर कोणी हसला तर त्याला बाहेर काढते, दया करत नाही.

यंदा आमच्यातल्या दोघी मुख्य परीक्षेपर्यंत गेल्या आहेत. राजापेठेतून त्यांच्या घरी फोन यायला लागले आहेत, फोटो द्या, सत्कार करू, चार शब्द बोला. माझ्या कचेरीतलं एक शहाणं माणूस मला समजावून गेलं, मॅडम, आता तुम्ही अधिकारी आहात, असल्या भानगडीत पडू नका, कुणी तक्रार केली तर नोकरीला डाग लागेल.

लागू दे. त्या दोघींना मी सांगितलं आहे. फोटो द्यायचा नाही. कुणी न विचारता लावला तर मला फोन करायचा. तुमच्या नावापुढं कुणी सवलत लिहिली, कुणी उपकार लिहिले, कुणी तुमच्या बापाच्या कामाची कीव लिहिली, तर ते उतरवायला मी येईन. अकोल्याहून येईन, रजा टाकून येईन, एकटी येईन. ते तक्रार करतील. पोलीस जबाब घेतील. जबाबाखाली मी सही करीन, पूर्ण नाव लिहून, आडनावासकट.